आंबोकरांची हिरवी गाडी

रविवारचं जेवण उरकलं आणि नीलकंठ केकरेनं ट्रंकेमागून टॉर्च काढली, छोटी हातोडी काढली, जुन्या लाउडस्पीकरमधून सोडवलेलं लोहचुंबक काढलं आणि सगळं कापडी पिशवीत टाकलं. वर एक पोतं घडी करून ठेवलं. शरयू ओले हात पदराला पुसत दाराशी उभी होती.

"निघालेच काय?"

"पाहून तर येतो. पाहायला काय जातं?"

"काहून जाता पण? मोहन भाऊजींचा अजून पत्ता नाही, आणि तुम्ही त्यांच्या गाडीला ठोकून पाहायला चाललात."

"विनता वहिनींनीच निरोप धाडला न."

"वहिनींनी धाडला," शरयू म्हणाली. "भय्यासाहेबांनी नाही."

नीलकंठनं पिशवी सायकलच्या दांड्याला अडकवली आणि गोलबाजारातून सिविल लाइन्सच्या दिशेनं निघाला.

पासष्ट सालची ही गोष्ट. सप्टेंबरात लढाई थांबली, दिवाळी होऊन गेली, तरी जबलपूरच्या अंगातून लढाई उतरली नव्हती. खिडक्यांना चिकटवलेले काळे कागद पुष्कळांनी तसेच ठेवले होते. दारूगोळ्याच्या सरकारी फॅक्टरीच्या पाळ्या अजून लांबलेल्या होत्या. नीलकंठ तिथं तपासणी खात्यात होता. समोर आलेला माल हातात घ्यायचा, खोट शोधायची, आणि खोट नसेल तर शिक्का मारायचा, हे त्याचं काम. तो ते चोख करी. त्याच्या हाताखालून कधी वाईट माल पुढं गेला नाही, असं त्याचे साहेब चारचौघांत सांगत, आणि त्याला ते ऐकायला आवडे.

मोहन आंबोकर त्याचा कॉलेजातला मित्र. एक जण फौजेत गेला, दुसरा फॅक्टरीत. मोहन कॅप्टन झाला, त्याचं विनताशी लग्न झालं, आणि विलायतेला परत निघालेल्या एका इंग्रज साहेबाकडून त्यानं ती गाडी घेतली. दोनच सीटा, वर कापडी टप, लांबलचक नाक, आणि चिंचेच्या कोवळ्या पाल्यासारखा हिरवा रंग. जबलपुरात तशी दुसरी नव्हती. मोहन सुटीवर आला की नीलकंठला शेजारी बसवून भेडाघाटच्या रस्त्यानं भन्नाट सोडायचा. चालवायला मात्र त्यानं ती कधी दिली नाही. "आधी तिची-तुझी ओळख होऊ दे, नीलू," असं हसून म्हणायचा. नीलकंठही हसायचा. पण घरी आल्यावर कितीतरी वेळ त्याचे हात मांडीवर ठेवलेल्या अदृश्य स्टिअरिंगवर फिरत असायचे.

सप्टेंबरात पंजाबच्या सरहद्दीवर मोहन बेपत्ता झाला. मेल्याची खबर नाही, धरल्याची नाही. कैद्यांच्या याद्या आल्या, त्यांत नाव नाही.

आणि आता नीलकंठ त्याच्या घरी लोहचुंबक घेऊन चालला होता. फाटकाशी सायकलवरून उतरताना त्याला एकदा वाटलं, परत फिरावं. पण बंगल्याच्या बाजूला मोटारखान्याचं हिरवं दार अर्धवट उघडं होतं, आणि त्या फटीतून गाडीच्या मागच्या बम्परवर ऊन चमकत होतं.

मोहनचे वडील भय्यासाहेब व्हरांड्यात रेडिओला कान लावून बसले होते. जंगल खात्यातून निवृत्त झालेला हा उंच, ताठ माणूस दोन महिन्यांत खुर्चीएवढा झाला होता. पलीकडचं स्टेशन कधीकधी कैद्यांची नावं सांगतं, असं कोणीतरी त्यांना सांगितलं होतं. तेव्हापासून रेडिओची खरखर चालूच असे.

"ये, नीलू," त्यांनी आवाज थोडा कमी केला. "सूनबाई म्हणते, गाडी देऊन टाकू. मी म्हटलं, आधी नीलूला पाहू दे. त्याला लोखंडातलं कळतं."

"तुमची इच्छा नसेल तर, भय्यासाहेब..."

"माझं एवढंच म्हणणं आहे. गाडी चांगली असेल तर ती इथंच राहील. मोहन आल्यावर त्यानं काय म्हणावं? बापानं धीर सोडला म्हणावं? पण सगळा पावसाळा ती ओलीत उभी होती. तिला गंज धरला असेल, ती माझ्या हातून सडून राहिली असेल, तर मात्र घेऊन जा. तू नीट करशील. तो आला की तुझ्याकडून घेईल." रेडिओच्या बटणावर बोट ठेवून ते म्हणाले, "तू पाहा. तू खरं सांगशील."

विनता वहिनी पुढं झाल्या. मोटारखान्याच्या दाराशी पोचल्यावर त्यांनी मागं वळून व्हरांड्याकडं पाहिलं आणि आवाज उतरवला.

"भाऊजी, कशीही असली तरी घेऊन जा."

"काहून, वहिनी?"

"मामंजी तिला रोज सकाळी पुसतात. इंजिन सुरू करतात. ते ठीक आहे. पण दिवे लागायच्या वेळेला... तेव्हा मामंजी रेडिओपाशी असतात, मी स्वयंपाकघरात असते... आणि इथून आवाज येतो. फडका पिळल्याचा, पुसल्याचा. मी एकदा येऊन पाहिलं. कोणी नव्हतं. नाक ओलं होतं तिचं."

"दव असेल."

"बंद दाराच्या आत?" त्यांनी दार ढकललं. मग अगदी हळू, स्वतःलाच विचारल्यासारखं म्हणाल्या, "भाऊजी, जिवंत माणूस असं येतं काय हो?"

नीलकंठनं काहीतरी पुटपुटून पिशवी खाली ठेवली. वहिनी घरात गेल्या.

मोटारखाना लांबट होता. मागच्या भिंतीत वर एक झरोका, तेवढाच उजेड. खाली ओल लागू नये म्हणून भय्यासाहेबांनी चारही चाकांखाली लाकडी ठोकळे दिले होते. नीलकंठनं आधी गाडीभोवती एक फेरी मारली. मडगार्डच्या वळणावर बोटं फिरवली. दारांच्या खालच्या कडेला, दिव्यांच्या भोवती, जिथं जिथं अशा गाड्या सडतात तिथं तिथं लोहचुंबक लावून पाहिलं. आत पुट्टी भरून वरून रंग मारलेला असला तर चुंबक घसरतं. इथं ते सगळीकडं टपकन चिकटलं. सीटखालची जाजमं उचलली. खालचा पत्रा कोरडा, नवा असावा तसा. बॅटरीची जागा स्वच्छ.

गाडी चांगली होती. फारच चांगली होती. नीलकंठच्या मनात एक जडपणा उतरत गेला. जितकी ती निर्दोष निघत होती तितकी ती त्याच्यापासून दूर जात होती.

खालून पाहायचं राहिलं होतं. त्यानं पोतं अंथरलं, उताणा झाला आणि टॉर्च घेऊन गाडीखाली सरकला. बाजूची भिंत जवळ होती म्हणून गुडघे दुमडून घ्यावे लागले. नाकापासून वीतभर अंतरावर लोखंड होतं. त्यानं हातोडीनं एक टिचकी मारली. टण्ण. निरोगी पत्र्याचा आवाज. थोडं पुढं, टण्ण. दाराखालच्या पोकळ पट्टीवर, टण्ण.

आणि वरून, आतून, कोणीतरी परत वाजवलं. टण्ण.

नीलकंठ थांबला. आवाज पोकळीत घुमत असेल. त्यानं पुन्हा दोनदा वाजवलं. वरून दोनदा उत्तर आलं. हळू. बोटाच्या पेरानं दार ठोठावावं तसं.

"वहिनी?" त्यानं विचारलं.

कोणी बोललं नाही. त्यानं मान वाकडी करून पाहिलं. ठोकळ्यांच्या मधून मोटारखान्याची फरशी दिसत होती, दारातला उन्हाचा पट्टा दिसत होता. कोणाचेही पाय नव्हते.

मग वास आला. पेट्रोलचा नाही, ग्रीसचा नाही. दवाखान्याचा. स्पिरिट, ओला कापूस, आणि त्याच्या खाली काहीतरी गोडसर, शिळं. वास दाट होत गेला, आणि त्यासोबत वर सीटचं कातडं कुरकुरलं. स्प्रिंगा दबल्या. गाडी खाली आली. फार नाही, एक माणूस बसल्यावर येते तेवढीच. थंड लोखंड नीलकंठच्या छातीला टेकलं आणि तिथंच राहिलं.

त्याला ओरडता आलं नाही. श्वास घेतला की छाती लोखंडाला भिडे, म्हणून तो अर्धाच श्वास घेत पडून राहिला. वर कोणीतरी श्वास घेत होतं. तोही अर्धाच. मध्येच अडकणारा, पुन्हा सुरू होणारा. दोघं जण लोखंडाच्या एका पत्र्याच्या दोन अंगांना, एकमेकांचा श्वास ऐकत.

किती वेळ गेला कोण जाणे. मग स्प्रिंगा हळूच सैल झाल्या. नीलकंठ कोपरांवर सरपटत बाहेर आला, उभा राहिला आणि गाडीत डोकावला. आत कोणी नव्हतं. चालकाच्या सीटचं कातडं दबलेलं होतं, आणि त्याच्या डोळ्यांसमोर ते सावकाश फुगून पूर्ववत झालं.

"काय म्हणते रे गाडी?"

दारात भय्यासाहेब उभे होते. त्यांच्या एका हातात गाडीची किल्ली होती.

त्या म्हाताऱ्या, जिवंत, ओळखीच्या आवाजानं नीलकंठची भीती अशी उतरली की त्याला स्वतःचंच हसू आलं. दमट जागा, जुन्या स्प्रिंगा, वहिनींनी डोक्यात भरवलेलं काहीबाही. त्यानं घाम पुसला. "चांगली आहे, भय्यासाहेब," हे शब्द त्याच्या ओठांवर आले होते. खरोखरच आले होते. पुढं जन्मभर तो स्वतःला हे सांगत राहिला. पण त्याची नजर किल्लीवर गेली. चांगली आहे म्हटलं की ती किल्ली परत खिशात जाणार, आणि ही गाडी या अंधारात ठोकळ्यांवर बसून राहणार. मोहन काही यायचा नाही. सगळ्या गावाला ते कळत होतं.

"गेली आहे," तो म्हणाला.

"गेली?"

"आतून. वरून दिसत नाही. वरून सगळं भरून आल्यासारखं दिसतं, पण आतल्या आत सडणं चालूच असतं."

"मी रोज पुसतो रे तिला."

"पुसून काय होणार, भय्यासाहेब? आपल्या हाताला लागतच नाही ते."

म्हाताऱ्यानं पुढं येऊन गाडीच्या दारावर तळवा ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. "नीट होईल न?"

नीलकंठला वाटलं होतं, एवढ्यावर भागेल. पण खोटं एकदा सुरू झालं की ते स्वतःच्या पायांनी चालायला लागतं. फॅक्टरीत माल नापास करताना लागायचा तोच शांत, खात्रीचा आवाज त्याला लागला. "वचन देत नाही. फार पसरलं आहे. आता जास्त दिवस धरेल असं वाटत नाही मला."

त्याचं बोलणं संपलं, आणि गाडीच्या आत, खोल कुठंतरी, काहीतरी झरलं. फाटक्या पोत्यातून धान्य गळावं तसा बारीक आवाज. दोघांनीही तो ऐकला. भय्यासाहेब वाकले. दाराखालच्या पट्टीतून लालसर भुकटीची एक धार फरशीवर पडत होती. तिचा छोटा ढीग झाला. धार थांबली.

भय्यासाहेबांनी त्यातली चिमूट उचलून बोटांत चोळली.

"हो रे," ते म्हणाले. "खरंच की."

आत्ता, या हातांनी, नीलकंठनं ती पट्टी वाजवून पाहिली होती. भय्यासाहेबांनी किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि वळून ते व्हरांड्याकडं गेले. रेडिओची खरखर बंद झाली. ती बंद झालेली त्यानं त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकली.

फळ्या लावून गाडी ठोकळ्यांवरून उतरवेपर्यंत ऊन कलून गेलं होतं. सायकल त्यानं बंगल्यावरच ठेवली. गाडी सुरू झाली तेव्हा वहिनी स्वयंपाकघराच्या खिडकीत होत्या. त्यांनी हात हलवला नाही. सिविल लाइन्सच्या सरळ रस्त्याला लागल्यावर नीलकंठनं वेग वाढवला. ज्याची त्यानं इतकी वर्षं वाट पाहिली होती ते चाक त्याच्या हातात होतं, वारा तोंडावर होता, माणसं वळून बघत होती. आणि त्याला फक्त इतकंच वाटत होतं की कोणी आपल्याला ओळखू नये. त्यानं टोपी कपाळावर ओढून घेतली.

ओमतीच्या चौकात शिपायानं हात दाखवला. नीलकंठ थांबला. शिपायानं गाडी ओळखली असावी. तो पाय जुळवून उभा राहिला, त्यानं सलाम ठोकला. पण सलाम नीलकंठला नव्हता. तो शेजारच्या सीटकडं पाहत होता. मग त्याचा चेहरा बदलला, तो खाली वाकला आणि दबक्या आवाजात बोलला.

"भैया, साब को बहुत ठंड लग रही है. कुछ ओढ़ा दो इनको."

नीलकंठनं शेजारी पाहिलं. रिकामं कातडं. त्यानं गाडी पुढं दामटली. वळणावर त्याला पुन्हा तो श्वास ऐकू आला, अर्धा, अडकणारा. गोलबाजार जवळ आला तसा तो लांब लांब अंतरानं येऊ लागला. घराच्या फाटकाशी नीलकंठनं इंजिन बंद केलं, तेव्हा एक श्वास आला आणि त्याच्यामागून दुसरा आला नाही. घराघरांतून दिवे लागत होते.

शरयू दारात आली. तिनं गाडीकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं. "भय्यासाहेबांनी दिली?"

"दिली."

"मनानं?"

तो आत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी पाळीवर जाण्याआधी, लख्ख उजेडात, त्यानं गाडी इंच न इंच तपासली. दाराखालची पट्टी पेचकसानं उकलून आत टॉर्च मारली. गंजाचा एक ठिपका नव्हता. आतला पत्रा आरशासारखा होता, आणि त्यात त्याला स्वतःचा चेहरा वेडावाकडा दिसला. त्यानं पट्टी परत बसवली, गाडीवर ताडपत्री टाकली आणि त्यानंतर ती चालवली नाही. विचारणाऱ्यांना तो सांगायचा, काम निघालं आहे.

डिसेंबरात कॅन्टोन्मेंटमधून एक मेजर आंबोकरांच्या घरी येऊन गेले. संध्याकाळपर्यंत सगळ्या मराठी घरांत कळलं. शरयू बाजारातूनच ऐकून आली. भाजीची पिशवी हातात तशीच ठेवून ती बोलत राहिली.

"मोहन भाऊजी जिवंत होते हो. तिकडच्या दवाखान्यात. शुद्धीवर नव्हते, नाव चुकीचं लागलं, म्हणून यादीत सापडत नव्हते. मग बरे झाले, उठून बसायला लागले, नाव सांगितलं. आणि गेले."

"केव्हा?"

"तो रविवार. तुम्ही गाडी आणली न, त्या दिवशी. दिवे लागायच्या वेळेला." ती त्याच्याकडं बघत होती. "त्या दिवशी त्यांच्याशी तुमचं काय बोलणं झालं होतं, भय्यासाहेबांशी? गाडी काहून दिली त्यांनी?"

नीलकंठनं सांगितलं नाही. त्या वेळी नाही आणि नंतरही नाही.

दहाव्याला ग्वारीघाटावर बरीच मंडळी जमली होती. देह नव्हताच, दर्भाचा पुतळा करून सगळं उरकलेलं होतं. नर्मदेवर सकाळचं धुकं होतं. नीलकंठ मागं, पायऱ्यांच्या कडेला उभा राहिला होता. पण भय्यासाहेबांची नजर त्याला शोधत आली. ओल्या धोतरानं ते सगळ्यांमधून चालत आले आणि त्यांनी त्याचा हात धरला.

"हा एक," ते लोकांना म्हणाले. आवाज मोठा नव्हता, तरी सगळे गप्प झाले. "तुम्ही सगळ्यांनी मला धीर दिला. येईल म्हणालात. हा एकटा खरं बोलला. मेजर सांगत होते, मांडीची जखम वरून पार भरली होती. डॉक्टर म्हणत, आता काही भीती नाही. आणि आत सडत गेलं. वरून दिसत नाही, आतल्या आत चालू असतं... नीलूनं मला हेच सांगितलं होतं. गाडीचं निमित्त करून सांगितलं. त्या दिवशी मी रेडिओ बंद केला. माझ्या मनाची तयारी यानं करून घेतली."

मंडळींनी नीलकंठकडं आदरानं पाहिलं. कोणीतरी त्याच्या पाठीवर हात ठेवला. ती पाठ आगीतून काढल्यासारखी झाली. त्याला वाटलं, नर्मदेनं पायऱ्या चढून यावं आणि आपल्याला झाकून टाकावं.

माणसं पांगल्यावर तो भय्यासाहेबांपाशी गेला आणि खाली बसला.

"भय्यासाहेब... गाडीला गंज नव्हता. मी खोटं बोललो. मला ती हवी होती म्हणून बोललो. तिला काही झालेलं नव्हतं. मी म्हटलं, म्हणून..."

भय्यासाहेब पाण्याकडं बघत होते. त्यांनी त्याच्या गुडघ्यावर थोपटलं.

"आता माझं मन राखू नको, नीलू. मी माझ्या बोटांनी चोळून पाहिला न गंज."

खरं बोलायला तो फार धीर करून आला होता. ते खरं त्याच्या हातात तसंच राहिलं. ते आता कोणाला देता येणार नव्हतं.

निदान गाडी परत द्यावी, म्हणून पुढच्या रविवारी दुपारी त्यानं ताडपत्री काढली. गाडी एका झटक्यात सुरू झाली. वाटेत शेजारची सीट गप्प होती. बंगल्यावर भय्यासाहेब झोपले होते. पांढऱ्या लुगड्यातल्या विनता वहिनी बाहेर आल्या.

"तिच्या जागेवर ठेवतो, वहिनी," तो म्हणाला. "मला नको ती."

त्या किल्ली घेऊन आल्या, पण मोटारखान्याच्या कुलपाशी थांबल्या.

"आता पुसल्याचा आवाज येत नाही, भाऊजी. त्या दिवसापासून बंद झाला. पण मी इथं रोज झाडते. तुम्ही गाडी नेली तेव्हापासून. रोज सकाळी झाडते आणि कुलूप लावते."

त्यांनी दार उघडलं. झरोक्यातून उजेड फरशीवर पडला होता. फरशीवर बारीक लाल धूळ होती, सगळीकडं सारखी पसरलेली. आणि जिथं गाडी उभी असायची तिथं, ठोकळ्यांच्या मधोमध, एका उताण्या पडलेल्या माणसाचा ठसा होता. डोक्याचा, खांद्यांचा, टाचांचा. उंच माणूस. एका मांडीच्या जागी धूळ ओली होती.

"आज अजून झाडलं नाही. मी पुसते," वहिनी म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी परत असतं. आता मला त्याचं भय वाटत नाही. आमचंच माणूस आहे. पण भाऊजी..." त्यांनी आवाज आणखी उतरवला. "दहाव्यापासून दोन आहेत."

तेव्हा नीलकंठला तो दिसला. उंच ठशाला लागून, खांद्याला खांदा भिडेल असा दुसरा ठसा होता. लहान चणीच्या माणसाचा. जागा पुरली नसावी, म्हणून त्याचे गुडघे दुमडलेले होते, आणि फरशीवर दोन पावलं चांगली घट्ट रोवलेली उमटली होती.

"हा तुमचाच असेल," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही खाली शिरला होता न, त्या दिवसाचा."

"त्या दिवसाचा कसा असेल, वहिनी? तुम्ही रोज झाडता न..."

नीलकंठनं गाडी आत नेली नाही. पोर्चमध्ये उभी केली, किल्ली पायरीवर ठेवली आणि आपली सायकल घेऊन तो चालत घरी आला.

नीलकंठ त्यानंतर पुष्कळ वर्षं जगला. एकाहत्तरची लढाई त्यानं फॅक्टरीतच काढली. बढती आली तेव्हा तपासणी खातं सोडून त्यानं भांडारात बदली मागून घेतली. कारण कोणाला सांगितलं नाही. आंबोकरांची गाडी पुढं कोणी नेली, भय्यासाहेबांच्या मागे बंगल्याचं काय झालं, याची त्यानं कधी चौकशी केली नाही. त्या रस्त्यानं तो जातच नसे.

घरात तो शहाण्यासारखा वागे. वेळेवर जेवायचा, वेळेवर झोपायचा, शरयूच्या शेजारच्या खाटेवर, पांढऱ्या धुतलेल्या चादरीवर. रात्री तो उठला, बाहेर गेला, असं तिनं एकदाही पाहिलं नाही, आणि तिची झोप सावध होती. पण सकाळी तो आंघोळीला गेला की ती त्याचा रात्रीचा सदरा उचलायची, अंगणात न्यायची, आणि शेजारणींनी पाहण्याआधी त्याची पाठ साबण लावून घासायला बसायची. चादर स्वच्छ असायची. सदऱ्याच्या पाठीवरची लाल धूळ मात्र काही केल्या एका पाण्यात निघत नसे.